सभागृहात सुनंदाचा उल्लेख

९ जानेवारी १९९४, रविवार. पार्से

देवळाच्या मंडपात सभा. पंचवीसेक माणसं, त्यातली बरीच आईच्या शब्दाला मान देऊन आलेली. परबाने ओळख करून दिली, 'बँक कर्मचारी युनियनचे सेक्रेटरी'. आई खांबाला टेकून बसली होती, तिला वाटलं मला बढती मिळाली.

सेवांचा व्यापार समजावून सांगणं कठीण. काजू गेले, कापड आलं, हे लोकांना कळतं. सेवा कशी बोटीत घालून आणणार? म्हटलं, बँक, विमा, इस्पितळ, टेलिफोन, ह्या सगळ्याला आता सेवा म्हणायचं. तिला सीमा नको असं मोठे देश म्हणतात. तसा करार होऊ घातलाय, त्यावर संसदेत लवकरच चर्चा आहे. ती होण्याआधी आपला आवाज तिथं पोचला पाहिजे.

पुढच्या ओळीतला म्हातारा म्हणाला, "सेवा म्हणजे देवाची न्हय मरे?"

सगळे हसले. मीही.

सात वर्षांपूर्वी ह्याच मंडपात मराठीसाठी बोललो होतो. पाय ठेवायला जागा नव्हती. गोव्याचं राज्य झालं, भाषा कोकणी झाली, आम्ही घरी गेलो. बसमध्ये परब म्हणतो, "तुका हरूची सवय झाली हा." परब सावंतवाडीचा, कॅशला माझ्या शेजारी बसतो. त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. आज घेतलं.

साखळीला घरी पोचेपर्यंत अंधार. सुनंदा आरोग्य केंद्रात नाइट ड्युटीला गेली होती. पोरीला, मुक्ताला, शेजारी जेवायला घातलेलं.


१८ जानेवारी, मंगळवार

सु. दुपारी आली ती थेट न्हाणीघरात. पांढरी साडी तिथेच भिजत टाकली. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग चहा घेऊन मागच्या पायरीवर बसली. मुक्ता जवळ गेली तर म्हणाली, थोड्या वेळाने ये.

संध्याकाळी सांगितलं. तुटक तुटक. आरोग्य केंद्रात सकाळी शेवंती नावाची बाई आणली, बावीस-तेवीस वर्षांची. दोडामार्गाकडची, नवरा खाणीवर लोडिंगला. बाळंतपण अडलेलं. डॉक्टर म्हणाले, म्हापशाला न्या. सु. गाडीत तिच्याबरोबर. फाट्यावर खाणीचे ट्रक. जाणारे, येणारे, एकात एक अडकलेले. सायरन वाजवून वाजवून ड्रायव्हर शेवटी खाली उतरला, एकेका ट्रकवाल्यासमोर हात जोडत फिरला. मूल गाडीतच झालं. मुलगी. रडली चांगली. बाईचं रक्त थांबेना.

"माझ्या हातात काही नव्हतं," सु. म्हणाली.

मला वाटलं, इलाज नव्हता असं म्हणतेय. म्हणून म्हटलं, "तू तरी काय करणार."

"तसं नव्हे. हातात काही नव्हतं. सलाईनची एक बाटली. ती संपली."

(ती हे कोकणीत म्हणाली. घरात आम्ही कोकणीच बोलतो. लिहिताना मी मराठी करतो. ह्यावरून ती मला हसायची.)

मी सकाळभर डिचोलीच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. तेही तिला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.


२३ जानेवारी

शेवंतीच्या सासूकडे सु. बाळ बघायला गेली होती. साडीवरचा डाग गेला नाही. पुन्हा भिजत घातली.

युनियनची बैठक म्हापशाला. संसदेचं अधिवेशन चालू झालं की दोघांनी दिल्लीला जायचं, निवेदन द्यायचं. माझं नि परबाचं नाव.


६ फेब्रुवारी, रविवार

भांडण.

सु.ने मस्कतच्या सरकारी इस्पितळात दोन वर्षांच्या नोकरीसाठी अर्ज केलाय. वीस तारखेला मुंबईत मुलाखत. तांदूळ निवडता निवडता सांगितलं, जसं उद्या तालुक्याला मीटिंग आहे असं सांगते तसं.

मी म्हटलं, मला विचारायचं तरी.

"पार्श्याच्या सभेला गेलात तेव्हा मला विचारलं होतं?"

"ती सभा होती. ही दोन वर्षं आहेत."

"तुमची सभा सात वर्षं चाललीय."

मग मी जरा चढ्या आवाजात बोललो. बाहेरच्या लोकांनी आपल्या सेवा गिळू नयेत म्हणून मी गावोगाव फिरतो आणि माझ्याच घरातून... तिने सूप खाली ठेवलं. तिचं वाक्य तिच्याच भाषेत लिहून ठेवतो. "भायल्यांनी आत येवचां न्हय म्हणून तुमी भांडतात. मी आतली भायर वतां. हातूंत तुमचां काय गेलां?"

बाहेरच्याने आत येणं आणि आतलीने बाहेर जाणं, दोन्ही एक नव्हेत हे कळतं, पण मांडता येत नाही. पत्रकात चार ओळींत मांडतो, आणि स्वयंपाकघरात...

मुक्ता दारात उभी होती. नऊ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. विचारलं, मस्कत म्हापशापेक्षा लांब काय?


२० फेब्रुवारी. मुंबई

शेवटी मीच बरोबर आलो. एकटी कशी सोडणार. शिवाय ती म्हणाली नाही, पण तिला वाटत होतं मी यावं.

हॉटेलचा मोठा हॉल. नर्सच नर्स, बहुतेक मल्याळी. नवरे भिंतीकडेने बसलेले, बायकांच्या पर्सा मांडीवर घेऊन. माझ्याही मांडीवर एक. शेजारच्याने हिंदीत विचारलं, पहिल्यांदा का? त्याच्या बायकोची तिसरी खेप. म्हणाला, पहिलं वर्ष जड जातं, नंतर तिला तिकडे बरं वाटायला लागतं. नंतर? म्हटलं. तो हसला. नंतर तिला इकडे जड जातं.

सु. बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. चहा घेताना बोलली. त्यांनी विचारलं, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तर काय कराल? तिने एकामागून एक सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या.

"त्यांच्याकडे ते सगळं असतं," ती म्हणाली. "नुसतं मागायचं, कोणीतरी हातात देतं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दुसरीकडे बघितलं. दुसरा चहा मागवला.


१३ मार्च

निवड झाली. तार आली. सु.ने देवापुढे ठेवली. पोदेराकडून मुक्तासाठी गोड पाव घेतला, तेवढाच समारंभ.

परबाला सांगितलेलं नाही. दिल्लीहून आल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर प्रवासभर त्याला तेवढाच विषय.


२८ मार्च. दिल्ली

बसने मुंबई, तिथून गाडी. काल होळी होती. मथुरेच्या आसपास खिडकीतून कोणीतरी रंग फेकला, परबाचा एकुलता चांगला शर्ट गेला. शिव्या देत होता. बरं वाटलं.

उद्या सकाळी दादासाहेबांची भेट. दादासाहेब मूळचे आमच्या पेडण्याकडचे, पण कितीतरी वर्षं बाहेर, निवडून येतात तेही दुसऱ्या राज्यातून. परबाच्या ओळखीने वेळ मिळाली. यु.चं म्हणणं, आमच्या खासदारांना सगळेच भेटतात. ह्यांना बोलायला मिळणार आहे आणि ह्यांनी अजून बाजू ठरवलेली नाही.


२९ मार्च, मंगळवार

सगळं नीट लिहायला हवं. क्रमाने.

सकाळी साडेआठला त्यांच्या बंगल्यावर. हिरवळ, वेताच्या खुर्च्या, चहा. माणूस प्रेमळ. आम्ही गोव्याचे म्हटल्यावर एकदम कोकणीत आले, जुनी, आजोबांच्या वेळची कोकणी. पार्श्याचं देऊळ आठवलं, खालची तळी आठवली. परबाने निवेदन दिलं, मी मुद्दे सांगितले. परदेशी बँका शहरात येतील, फायद्याची गिऱ्हाइकं घेतील, आणि इब्रामपूरच्या काजूवाल्याला कोण दारात उभं करील? त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. म्हणाले, "चांगलं बोलता तुम्ही. मला चार-पाच मिनिटं मिळतील, त्यात हे आणीन."

मग परब हात धुवायला आत गेला. दादासाहेबांनी सहज विचारलं, घरी कोण कोण? मी सांगितलं. आई पार्श्याला, एक मुलगी, बायको नर्स. बायको कुठं असते? म्हटलं, साखळीजवळ आरोग्य केंद्रात, आता मस्कतला निवड झालीय. त्यांनी माझा खांदा दाबला. "अरे वा!"

खरं सांगायचं तर त्या 'अरे वा'ने बरं वाटलं. तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

दुपारी पासावर संसदेच्या गॅलरीत. जेवणानंतरची वेळ, बाकं अर्धीअधिक रिकामी. एक जण बोलायचा, दोघे कागद चाळायचे. परब कुजबुजला, "ह्येच्यापेक्षा आमच्या पंचायतीत जास्त माणसां असतत."

दादासाहेब उठले. सुरुवात इंग्रजीत, मग हिंदी. बदलत्या जगात वगैरे. त्यानंतर म्हणाले ते जसं आठवतं तसं लिहितो.

"आज सकाळी माझ्या मूळ तालुक्यातला एक बँक कर्मचारी मला भेटला. ह्या कराराला कडाडून विरोध करणारं निवेदन त्याने माझ्या हातात दिलं. सज्जन माणूस. मी त्याला विचारलं, घरी कोण? तर अध्यक्ष महोदय, त्याची पत्नी नर्स आहे आणि ती परदेशात नोकरीला निघाली आहे! आता मला सांगा, हा माणूस म्हणतो दार बंद ठेवा, आणि त्याच्याच घरची लक्ष्मी त्याच दाराने बाहेर पडते!"

हशा. दोन्ही बाजूंनी. कोणीतरी बाक वाजवलं.

परबाने मान वळवायला फार वेळ घेतला.

"खरां?"

"खरं."

तो पुन्हा खाली बाकांकडे बघायला लागला. तिथं बोलायचं नसतंच.

दादासाहेबांनी कराराला पाठिंबा दिला. निवेदनातला एकही मुद्दा आला नाही. पेन्सिलीच्या खुणा कशाला केल्या होत्या कोण जाणे.

त्यानंतर बऱ्याच वेळाने दक्षिणेकडचा एक सदस्य उठला. आवाज बसका, बोलणं रूक्ष. म्हणाला, मघाच्या नर्सच्या गोष्टीवर सगळे हसले, पण ती ज्या दाराने चालली आहे ते ह्या करारातलं दारच नव्हे. बँकेला यायचं असेल तर आपण नियम बदलायचे. नर्सला जायचं असेल तर त्यांच्या मर्जीने, त्यांच्या व्हिसावर, त्यांना हवं तोवर. सेवा म्हणताना भांडवलाची सेवा मोजता, माणसाची का नाही?

अगदी हेच. सहा फेब्रुवारीला, तांदळाच्या सुपासमोर, मला हेच म्हणायचं होतं.

तोपर्यंत पत्रकारांची बाकं रिकामी झाली होती.


१ एप्रिल. परतीच्या गाडीत

परब वरच्या बर्थवर. चहा दोघांसाठी घेतो, माझा न बोलता खाली देतो. भोपाळनंतर एकदाच म्हणाला.

"माका सांगूचा होतास. मी काय तुका आडवलंय असतंय?"

मी म्हटलं, चुकलं.

"चुकला न्हय. माझ्यापाशी सांगूक नाय, आणि त्या भटकभवान्याक सांगितलंस."


४ एप्रिल, सोमवार

आमच्या आधी पेपर पोचला होता. चौकट करून छापलंय. नाव नाही, पण पेडणे तालुका, बँक, नर्स. एवढ्याशा मुलखात आणखी काय लागतं?

सु.ला आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले म्हणे. मी घरी आलो तेव्हा ती मुक्ताच्या वेण्या घालत होती. वेण्या पुऱ्या केल्या, मग विचारलं.

"माझं नाव घेतलं?"

"नाही. पत्नी म्हणाले."

"शेवंती मेली तेव्हा कोण उभं राहिलं नाही तिथं," ती म्हणाली. "मी निघाले तर उभे राहिले. हसायला."

मला दक्षिणेकडच्या सदस्याचं सांगायचं होतं. सुरुवात केली. ती म्हणाली, राहू दे आता.


११ एप्रिल. पाडवा. पार्से

आईच्या हाताची खीर. सु.ही आली, मुक्ताही. गुढी उभारली.

इथं उलटच. आईला अभिमान. "आमच्या सुनेचां नाव दिल्लीत गेलां." नाव गेलं नाही, हे सांगून उपयोग नाही. दुपारी वाड्यावरच्या बायका आल्या. एकीची मुलगी नर्सिंगला, एकीची सून शिवणकाम करते, तिसरीचा मुलगा वायरमन. सगळ्यांचं एकच, अर्ज कुठं करायचा, कोणाला भेटायचं. ह्याच बायकांचे नवरे जानेवारीत माझ्या सभेला बसले होते. सु. प्रत्येकीला शांतपणे सांगत होती. एजंटला धरू नका, सरकारी जाहिरात बघा, पासपोर्ट आधी काढा.

तिच्याभोवती जेवढी माणसं होती तेवढी माझ्या सभेला नव्हती. हे रागाने लिहीत नाही.


१४ एप्रिल

यु.ची बैठक. मी आत गेलो तर कोणीतरी खोकलं. मग मागून, "सेक्रेटरीसायब, व्हिसा झालो?" अध्यक्षांनी दटावलं, पण तेही ओठ दाबून बसले होते.

मी दक्षिणेकडच्या सदस्याचं म्हणणं मांडायला उठलो. पाठ केलं होतं. तिसऱ्या वाक्याला कळलं की माझ्या तोंडून ते करारावरचं भाषण राहिलेलं नाही, बायकोची बाजू मांडणाऱ्या नवऱ्याचं झालंय. खाली बसलो.

राजीनामा दिला. नको नको म्हणायला दोघंच. परब म्हणाला नाही. आता तो सेक्रेटरी.


१६ एप्रिल

काल करारावर सह्या झाल्या. पेपरात फोटो, लांबलचक टेबल, ओळीने सगळे. बँकेत नेहमीसारखी गर्दी. एका गिऱ्हाइकाने विचारलं, आता तुमची बँक बंद होणार काय हो? म्हटलं, नाही, इतक्यात नाही. मग माझं पैसे काढायचं काम आधी करा, म्हणाला.


२४ एप्रिल, रविवार

सु.चा व्हिसा आला. सकाळी मुक्ता खेळायला गेल्यावर ती समोर येऊन बसली.

"तुमची फजिती झाली माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही."

"तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. पण तोंडाने म्हणा. गप्प राहून म्हणू नका."

जनेलातून बाहेर बघत राहिलो. रस्त्यावर ट्रक चालले होते, धूळ घरात येत होती. मनात दोन्ही होतं. ती जाऊ नये असं वाटत होतं, अगदी आतून. पण त्या वाटण्यात ती किती आणि बैठकीतला तो खोकला किती, हे मला वेगळं करता येईना. हसतात म्हणून हिला थांबवायचं? आणि थांबली, तर पुन्हा एखाद्या गाडीत, पुन्हा एक बाटली...

"जा," म्हटलं.

तिला हे उत्तर हवं होतं की नको होतं, अजून कळलेलं नाही. ती उठून कपडे वाळत घालायला गेली.


१५ मे

मुक्ताला पार्श्याला सोडलं. सुट्टीपुरतं, असं तिला सांगितलंय. आईचा हट्ट, कायमची ठेवा, इथं शाळा आहे. सु. म्हणते बापाजवळ राहू दे. मला कोणी विचारलं नाही, पण मलाही तेच वाटतं.

आई मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "बायल भायर गेली म्हणून घोव ल्हान जायना. पण तू तोंड असां केल्यार जातलो."

बायको गेल्याने नवरा लहान होत नाही, तोंड तसं केल्याने होतो. कसं केलंय ते आरशात बघितलं. बापासारखं दिसतं.


५ जून. मुंबई, विमानतळ

उड्डाण दुपारचं. मुक्ताला आणलं नाही, सु.नेच नको म्हटलं. पार्श्याला तिचा निरोप घेताना मुक्ता रडली नाही, घट्ट धरूनही ठेवलं नाही. नुसतं विचारलं, तिकडे तुला सगळे काय म्हणणार? सिस्टर, सु. म्हणाली. मुक्ता म्हणाली, मग ठीक आहे. त्यात काय ठीक होतं ते तिलाच माहीत. गाडीत सु. रडली.

दारापर्यंतच सोडतात. शिपायाने कागद बघितले, ती आत गेली. मी तिथेच उभा. थोड्या वेळाने ती उलटी येताना दिसली, शिपायाशी हुज्जत घालत. खोटं कशाला, आनंद झाला.

कपाटाच्या किल्ल्या. सवयीने कमरेला खोचल्या होत्या.

माझ्या हातात देऊन म्हणाली, "वरच्या खणात मुक्ताची औषधं आहेत. सर्दीचं निळ्या बाटलीत." आणि गेली.


१३ जून

शाळा सुरू. मुक्ता आली माझ्याकडे. वेण्या जमत नाहीत. शेजारच्या वहिनी घालून देतात. आज वहिनी गावाला, तर एक वेणी वर, एक खाली. मुक्ता म्हणाली, असू दे बाबा, पावसात कोण बघतं.

बँकेत परब पहिल्यांदा बोलला. "पोचली मां?" पोचली, म्हटलं. मान हलवून नोटा मोजायला लागला.


२६ जून

परब घरी आला. छत्री बाहेर ठेवून बराच वेळ उभाच. मग म्हणाला, सरकार बँकांचे नियम बदलतंय, एका दिवसाचा संप ठरलाय. पत्रक लिहून दे. तुझ्यासारखी मराठी कोणाला येत नाही.

"माझं नाव नको त्याच्यावर," म्हटलं.

"नाव घालूक सांगता कोण? तू फकत लिही."

म्हणजे मैत्री परत आली, पण मागच्या दाराने. चहा दिला. मुक्ताने त्याला शाळेतलं चित्र दाखवलं. तो चहाकडे वळला, कारण चित्रात विमान होतं.

पत्रक अजून लिहिलं नाही. पहिली ओळ चारदा खोडली. 'बंधूंनो' लिहिलं की पुढे सगळे खोकताना ऐकू येतात.


३ जुलै, रविवार

रविवारी दुपारी चारनंतर फार्मसीत फोन येतो. आम्ही दोघं आधीच जाऊन बाकावर बसतो. फार्मसीवाले काही म्हणत नाहीत, चांगला माणूस.

आज आवाज स्वच्छ होता. वॉर्ड मोठा, सगळं हाताशी, कामाला उसंत नाही पण अपमान नाही, म्हणाली. मग सांगितलं, तिच्याकडे परांचीवरून पडलेला एक मुलगा आलाय, तीन हाडं मोडलेली, बांधकामावरचा. पहिले दोन दिवस कोणाशी बोलेना. तिने ऐकलं, झोपेत मालवणी बडबडत होता. दोडामार्गाचा निघाला. तिने "कसो आसस?" म्हटलं तर धाय मोकलून रडला. त्याचा कंत्राटदार बघायलाही आला नाही. पासपोर्ट कंत्राटदाराकडे.

"तुमच्या त्या संसदेत हे कोण सांगेल?" सु.ने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

मी म्हटलं, एक जण होता, दक्षिणेकडचा. ह्या वेळी तिने थांबवलं नाही. फार्मसीत उभ्या उभ्या सगळं सांगितलं, त्याचा बसका आवाज, रिकामी बाकं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही लिहा. तुम्हाला येतं."

थोडं थांबून, वेगळ्या आवाजात, "इथं शाळा चांगली आहे. मराठी नाही, पण आहे. माझं वर्ष पुरं झालं की मुक्ताला आणता येतं. आणि इथल्या बँकांत आपली माणसं खूप आहेत. तुमचा अनुभव..."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"लगेच नको सांगू," ती म्हणाली. मला कधी नव्हे ते एकेरीत. मग मुक्ताने रिसीव्हर ओढून घेतला.

घरी येताना पाऊस थांबला होता. रस्त्यावर लाल चिखल. मुक्ता चिखल चुकवत माझ्या पुढे पुढे. वळणावर थांबली आणि मागे न बघता विचारलं, "आई यितली, काय आपुण वचपाचीं?"

आई येणार की आपण जाणार, हे टाळून म्हटलं, नीट बघून चाल, घसरशील.

ती तशीच उभी राहिली.